पाणी पाजायची रीत

यंदा थंडी उशिरा आली. गेल्या आठवड्यात चौफुल्याहून शिरूरकडे निघालो, तेव्हा एस.टी.च्या खिडकीची काच काही केल्या सरकेना आणि त्या फटीतून हुरड्यात आलेल्या जोंधळ्याचा वास आत आला. गोडसर, ओलसर, कच्च्या दुधासारखा. आता या रस्त्याला ऊस फार आणि जोंधळा कमी. तरी न्हावऱ्याच्या अलीकडे दोन-चार पट्ट्या अजून उभ्या आहेत. कंडक्टर तिकिटासाठी येऊन उभा राहिला, ते मला कळलंच नाही.

"आजोबा, उतरायचं कुठं?"

उतरायचं शिरूरलाच होतं. पण त्या घटकेला मी एका जुन्या हिवाळ्यात केव्हाच उतरलो होतो.

तो साठ सालच्या आसपासचा हिवाळा. मी पुण्याहून बी.ए. होऊन घरी आलो होतो आणि नोकरीची वाट बघत होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, आळीतही पहिलाच. आईनं निकालाच्या दिवशी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. गावानं तर माझं नावच बदललं. "काय बीए, शेणाची पाटी उचलती का पुण्याहून आल्यावर?" "बीए, आमच्या बैलाला इंग्रजी कळतंय का बघ की जरा." मला राग येत नसे. त्या थट्टेच्या खाली मोठा अभिमान होता आणि तो मला स्पष्ट दिसत होता.

इंग्रजी मला शिरूरच्या मिशनच्या शाळेत शांतवन मास्तरांनी शिकवलं. मास्तर स्वतः रोज सायकलवर येत, थंडीत कानाला मफलर गुंडाळून. भाषांतराच्या तासाला ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: "शब्दामागं धावू नकोस. समोरचा काय म्हणतोय ते आधी पोटात घे, मग तोंड उघड." मी ते वहीत उतरवून घेतलं नव्हतं. तरी आज मला त्यांचा दुसरा कुठलाच धडा इतका पाठ नाही.

हिवाळ्यातला आमचा माळ म्हणजे कुसळीचं पिवळं गवत, तरवडाची झुडपं, मध्ये मध्ये बोरी, आणि घोड नदीकडे उतरत गेलेले ओघळ. सकाळी गवतावरचं दव वाळेपर्यंत कुसळं कपड्याला चिकटत नाहीत. ऊन चढलं की मात्र धोतराचा सोगा शिवून टाकल्यासारखा होतो. जोंधळ्याच्या रानात मचाणं उभी राहायची. त्यांवरून गोफणीचा फटकारा आणि पाखरांना घातलेल्या शिव्या दिवसभर ऐकू यायच्या. हवा इतकी स्वच्छ असायची, की दौंडच्या जंक्शनातल्या इंजिनाची शिट्टी वाऱ्याच्या दिशेनुसार कधी कधी आमच्या बांधापर्यंत येई. आणि त्या गवतात काळविटांचे कळप असत. हरणी तांबूस, गवताच्याच रंगाच्या. आणि मध्ये एखादा काळा नर, पोट पांढरं, शिंगं पिळाची. तो उभा राहिला की सगळा माळ त्याच्यासाठी मांडून ठेवल्यासारखा वाटे.

त्या काळी शिकारीला परवाना मिळत असे. मी शिकारीची तरफदारी करायला बसलेलो नाही. माझ्या हातून कधी पाखरूही मेलं नाही. पण शिकारीलाही एक रीत होती आणि ती रीत आमच्याकडे माझ्या वडिलांच्या शब्दावर चाले, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगेन.

वडिलांना सगळे आप्पाच म्हणत. धिप्पाड गडी, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर चौथ्या रानातला बैल मान वर करी. घरात ठासणीची एक बंदूक होती. ती ते दसऱ्याला पुसत आणि उसात रानडुकरं शिरली तरच बाहेर काढत. बाहेरून शिकारी आले की आधी आप्पांकडे येत. आप्पा पुढं असले तर माळावर कुणी अडवत नसे. शिकाऱ्याला ते चहा पाजत आणि मग दमच देत.

"पाय जमिनीला टेकलं पायजेत. गाडीत बसून मारायचं आसंल, तर हरणालाबी एक गाडी द्या. हरणीवर न्हाई, पाडसावर न्हाई. पाण्यावर आलेल्यावर न्हाई. उभ्या पिकात बंदूक न्हाई. आन् पाणी पाजायचं."

या शेवटच्या वाक्याशी पाहुणे हमखास अडायचे. माणूस जाताना आपण तोंडात पाणी घालतो. आप्पांचं म्हणणं, रानातल्या जीवाला लेक नाही, सून नाही. मग त्याला पाणी कुणी पाजायचं? ज्यानं मारलं त्यानं. स्वतःच्या हातानं, आणि तेही जीव असेतोवर. दुसऱ्यानं पाजलेलं चालत नाही. ही रीत आमच्याकडे कुणी आणली, मला माहीत नाही. लहानपणी मला ती देवाधर्मातलीच काहीतरी वाटे. मोठा झाल्यावर कळलं, की त्या एका रीतीत बाकीच्या सगळ्या रीती येऊन बसल्या आहेत. हातानं पाणी पाजायचं तर जनावरापर्यंत चालत जावं लागतं. जखमी सोडून देता येत नाही. लांबून, बेभरवशाचा बार टाकता येत नाही. आणि मरणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागतं.

इनामगावला पुढे उत्खनन झालं. हजारो वर्षांपूर्वीच्या चुली, रांजण निघाले आणि हरणांची हाडंही निघाली म्हणतात. ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं हेच आलं: पाणी पाजलं असेल का त्यांनी?

तर त्या हिवाळ्यात रावसाहेब आले. त्यांचं खरं नाव काही का असेना, सगळे रावसाहेबच म्हणत. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना शिकारीला न्यायचं, हा त्यांचा धंदा. दोन जीपगाड्या, तंबू, आचारी, फोटो काढणारा, सगळा सरंजाम. पाहुणे रेल्वेनं दौंडला उतरत, तिथून जीपनं माळावर. आधीच्या वर्षांत ते नदीपलीकडच्या गावांत जात. तिथं त्यांच्याविषयी बरं बोललं जात नव्हतं, पण आमच्याकडे अजून काही पोचलं नव्हतं. रावसाहेबांना इंग्रजी येत होतं. मात्र गावकरी आणि पाहुणा यांच्यामध्ये उभं राहून दोघांचं बोलणं इकडून तिकडं करणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणून त्यांनी मला घेतलं. वर सांगितलं, "पुण्यात माझ्या ओळखीचं मोठं ऑफिस आहे. हा दौरा नीट झाला की तुला तिथं चिकटवतो. बी.ए. माणूस गावात काय कुजतोस?"

आई त्या दिवशी देवापुढे बराच वेळ बसली. मला पुण्यात खुर्ची मिळणार, हे तिनं शेजारच्या रानातल्या ठकूमावशीलाही सांगून टाकलं.

पाहुणा परदेशी होता. पुण्याजवळच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला जर्मन इंजिनियर. नाव वेबर; गावाच्या तोंडी येबरसाहेब. लाल चेहरा, मोठे पंजे. इंग्रजी त्याचंही शिकून घेतलेलं, माझंही. त्यामुळे आमचं छान जमलं. दोघंही शब्द शोधत बोलायचो आणि एकमेकांची वाट बघायचो. आप्पांनी सकाळी दम दिला तो मी त्याला जमेल तसा सांगितला. पाय जमिनीवर, मादी नाही, पीक नाही. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. पाण्याचं सांगायला लागलो, इतक्यात रावसाहेबांनी हॉर्न वाजवला. "पुरे तुझं कीर्तन. ऊन उतरायला लागलं की कळप नदीकडं सरकतील."

दुपार टळल्यावर कळप दिसला. आप्पा पुढे चालत होते, वाऱ्याचा अंदाज घेत. मी त्यांच्यामागे. ते हात वर करून मागच्यांना खाली उतरायची खूण करणार, तेवढ्यात रावसाहेबांनी जीप सरळ माळावर घातली. धुळीचा लोट, कळप उधळलेला, आणि जीपच्या आत रावसाहेबांचा आवाज, "मारा साहेब, मारा! आत्ताच!" वेबरनं धावत्या गाडीतून बार काढला.

काळवीट कोसळलं आणि उठलं. मागचा एक पाय लोंबत होता. तसंच ते तीन पायांवर ओघळाकडे गेलं आणि जोंधळ्याच्या पट्टीआड दिसेनासं झालं. जीप त्याच्या मागे वळली ती ठकूमावशीच्या जोंधळ्याच्या कडेच्या दोन सऱ्या चिरडून थांबली.

ठकूमावशी मचाणावर होती. एकटी बाई, मूलबाळ नाही. ती रानही एकटीनं करायची आणि भांडणही. गोफण हातातच होती.

"आरं ए जीपवाल्या! जोंधळा काय तुझ्या सासऱ्यानं पेरलाय व्हय? खाली उतर, दावते तुला!"

"ठके, गोफण खाली ठेव," आप्पा ओरडले.

"आप्पा, तुमच्या सबदावर ह्यास्नी माळावर येऊ दिलं. ह्यो तुमचा सबुद व्हय?"

आप्पांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी ते मातीकडे बघत राहिले. माळाला कुंपण नव्हतं, पाटी नव्हती. होता तो आप्पांचा शब्द, आणि आता तो जोंधळ्याच्या त्या चिरडलेल्या ताटांमध्ये पडला होता. तिकडे ओघळात कुठेतरी एक जनावर कण्हत होतं आणि सूर्य हातभर वर उरला होता.

रावसाहेब मात्र निवांत. ते वेबरला इंग्रजीत म्हणाले, "काळजी करू नका. माझी माणसं माग काढतील. उद्या सकाळी मुंडकं तुमच्या तंबूत असेल." मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू आवाजात, "तंबूत एक तयार ठेवलंय. चांगलं लांब शिंगांचं. ह्याला काय कळतंय? तू फक्त हो ला हो कर."

तेव्हा मला नदीपलीकडच्या गावांचं बोलणं समजलं.

वेबर खाली उतरला होता. त्याला ओशाळं वाटत होतं, हे त्याच्या पंजांवरून दिसत होतं. ते कुठे ठेवावेत त्याला कळत नव्हतं. मचाणावरून ठकूमावशीनं बोट त्याच्याकडे रोखलं. "हरिण कुठं बसलंय ते मला हितनं दिसतंय. पर सांगायची न्हाई. आधी ह्या तांबड्याला इचारा, पाणी पाजणार का? सोता?"

वेबरनं मला विचारलं, "काय म्हणतात त्या?"

रावसाहेब मध्येच म्हणाले, "पिकाची भरपाई मागतेय." वेबरनं लगेच पाकीट काढलं.

ठकूमावशी मचाणावरून जवळजवळ पडलीच. "पैसं? माज्या मचाणाला पैसं दावतो व्हय रं? आरं बीए, तुला कशाला शिकवलं? सांग की त्याला!"

रावसाहेब माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत पुण्यातली खुर्ची होती, पंख्याखालची. मला आई दिसली, देवापुढे बसलेली. आणि मातीकडे बघणारे आप्पा तर समोरच होते. मी फार विचार केला असं म्हणणार नाही. शांतवन मास्तरांनी विचार करायला वेळच ठेवला नव्हता. समोरचा काय म्हणतोय ते एकदा पोटात गेलं की दुसरं काही तोंडातून निघत नाही, अशीच सवय त्यांनी लावली होती.

मी वेबरला म्हणालो, "त्या पैसे मागत नाहीत. त्या विचारतात, तुम्ही त्याला ड्रिंक देणार का?"

"ड्रिंक?" वेबर गोंधळला. मग त्यानं कोटाच्या खिशातून ब्रँडीची चपटी बाटली काढली आणि ती वर, मचाणाकडे केली.

"दारू?" आप्पांनी मान वर केली. "आरं बीए, हरणाला दारू पाजाया लावतो का काय?"

ठकूमावशी हसायला लागली. आप्पाही. त्या हसण्यानं माझा जीव थाऱ्यावर आला आणि इंग्रजीही. मी सुरुवातीपासून सांगितलं. ड्रिंक नव्हे, पाणी. ज्यानं मारलं त्यानं द्यायचं. आपल्या हातानं, त्याचा जीव जायच्या आधी. नाहीतर आमच्यात त्याला शिकार म्हणत नाहीत. आणि हेही सांगितलं, की तंबूत जे मुंडकं आहे ते या हरणाचं नाही.

रावसाहेब म्हणाले, "हा पोरगा खुळा आहे."

वेबरनं वर केलेली बाटली खाली घेतली. मग म्हणाला, "माझे आजोबा जंगलखात्यात होते. आमच्याकडे मारलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात. तिला आम्ही शेवटचा घास म्हणतो." बाटली त्यानं खिशात परत ठेवली. "मी हे कसं विसरलो?"

'शेवटचा घास' हे मी आप्पांना मराठीत सांगितलं. आप्पांनी त्या तांबड्या माणसाकडे पहिल्यांदा माणसासारखं पाहिलं. "घास त्यांचा, पाणी आमचं," ते म्हणाले. "चल म्हणावं. दिस जातोय."

ठकूमावशीनं मचाणावरून तांब्या खाली दिला. तिच्या दिवसभराच्या पाण्यातलं उरलेलं पाणी. "बोरीच्या जाळीत बसलंय बघा, ओघळाच्या वळणाला. आन् तांब्या परत आणा. न्हाई तर तुमचीबी शिकार करंन."

आम्ही चाललो. वेबरच्या एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात ठकूमावशीचा पितळी तांब्या. इतका मोठा माणूस, पण तांब्यातलं पाणी सांडू नये म्हणून लहान लहान पावलं टाकत होता. गवताच्या पात्यांवर रक्ताचे थेंब होते. कुठे कुठे नव्हते, तिथे आप्पा थांबत, बसत, पुढे होत. मागे रस्त्यावर रावसाहेब हॉर्न वाजवत होते. तो आवाज हळूहळू लांब गेला.

काळवीट जाळीतच होतं. मान वर, डोळे उघडे. पळायचा प्रयत्न त्यानं एकदाच केला. आप्पांनी वेबरला जागा दाखवली, कुठे उभं राहायचं ती. वेबरनं बूट मातीत नीट रोवले आणि एकच बार काढला. मग बंदूक खाली ठेवून तो गुडघ्यावर बसला आणि तांब्या तिरका केला. पाणी थोडं तोंडात गेलं, बरंचसं ओठांवरून मातीत. काळविटाची जीभ एकदा हलली. ती पाण्यासाठी हलली की तशीच, मला सांगता येणार नाही. वेबरनं बोरीची एक हिरवी डहाळी मोडली, हाताला काटे लागू देत, आणि तीही त्याच्या दातांत ठेवली.

आप्पांनी डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरलं. "आता झाली शिकार," ते म्हणाले. हे वाक्य मी भाषांतर करून सांगितलं नाही. गरज नव्हती.

त्या काळविटाची शिंगं आखूड होती, एकाचं टोक मोडकं. वेबर तीच घेऊन गेला. जाताना त्यानं रावसाहेबांच्या जीपमध्ये बसायला नकार दिला. आप्पांनी बैलगाडी जुंपली आणि मी त्याला दौंडच्या गाडीपर्यंत पोचवून आलो. रावसाहेबांनी मला एवढंच सांगितलं, "पुण्याचं विसर." मी विसरलो. खरंच विसरलो, ती खुर्ची मला पुन्हा कधी आठवली नाही, आज लिहायला बसलो तेव्हाच.

आईला मात्र वाईट वाटलं. दोन दिवस ती देवापुढे बसली नाही. तिसऱ्या दिवशी ठकूमावशी हुरड्याची कणसं घेऊन आली, आगटीत भाजली, हातावर चोळली आणि आईच्या पुढे धरली. "तुझ्या लेकानं त्या जीपवाल्याला पाणी पाजलं गं," ती म्हणाली. आईला आधी हरणाचंच पाणी वाटलं. मग अर्थ लागला, आणि ती तोंडाला पदर लावून हसली.

पुढच्या हंगामात रावसाहेबांची जीप परत आली. नदीपासून माळापर्यंत एकाही गावानं तिला वाट दिली नाही. कुणी भांडलं नाही. सगळे म्हणाले, "आप्पांना इचारा." आणि आप्पा रानात होते, कायम.

मी दौंडला शाळेत मास्तर झालो. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि शिक्षक कमी पडले की मराठीही. वाक्प्रचारांच्या प्रश्नात 'पाणी पाजणे' वरचेवर असायचं. मुलं लिहायची: पराभव करणे. मी पुरे गुण द्यायचो. उत्तर बरोबरच असे. फक्त पेपर गठ्ठ्यात ठेवण्याआधी माझा हात तिथे जरासा थांबायचा.

पुढे शिकारीवर बंदी आली. आप्पांनी बंदूक स्वतः नेऊन जमा केली. मला वाटलं होतं, ते हळहळतील. ते म्हणाले, "बरं झालं. रीत पाळणारी राहिली न्हाईत, मग बंदुका तरी कशाला राहाव्यात?" आणि परत येताना दौंडच्या बाजारातून त्यांनी बैलांसाठी घुंगरं आणली.

आता तिकडे कुरकुंभच्या बाजूला कारखाने झाले. माळ आकसला. पण संपला नाही. शिरूरचं काम आटोपून परतताना मी मध्येच उतरलो आणि आमच्या जुन्या रानाकडे चालत गेलो. माझे दोन विद्यार्थी, आता तेही केस पिकलेले, वनखात्याच्या मदतीनं ओघळाच्या वळणावर जनावरांसाठी सिमेंटचा पाणवठा करून त्यात टँकरनं पाणी सोडतात. बोरीची जाळी तिथे अजून आहे. तीच की तिच्या बियांतली, कोण जाणे.

ऊन उतरत होतं. मी बांधाआड बसलो. बऱ्याच वेळानं दोन हरणी आल्या, मग एक पाडस, आणि सगळ्यांत शेवटी तो, काळा, पिळाच्या शिंगांचा. त्यानं माझ्या बाजूला मान केली, थांबला, आणि मग खाली वाकून पाणी प्यायला लागला. त्याच्या पिण्याचा आवाज मला तिथवर ऐकू येत होता. मी गुडघ्यावर तसाच बसून राहिलो, त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत.